बूस्ट कंट्रोलर ताकद देत नाही

टर्बो गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक मत इतकं घट्ट रुजलंय की ते तपासून पाहायची गरज कुणाला वाटत नाही. गाडीतून जास्त ताकद काढायची तर सगळ्यात स्वस्त आणि सोपा उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर, असं हे मत. डबा विकत घ्या, दोन-तीन पाइप आणि चार वायरी जोडा, पडद्यावर हवा तो आकडा भरा, काम झालं. कंपनीने इंजिनात बरीच ताकद राखून ठेवलेली असतेच, ती फक्त मोकळी करायची. वर पुन्हा आश्वासन असतं की यंत्र इलेक्ट्रॉनिक आहे, बूस्ट ठरलेल्या आकड्यापुढे गेला तर ते आपणहून सांभाळून घेईल, म्हणजे इंजिनालाही धोका नाही.

या मताचा मी विरोध करतो. बूस्ट कंट्रोलर वाईट असतो म्हणून करत नाही. नीट निवडलेला, नीट बसवलेला कंट्रोलर हे फार चांगलं साधन आहे. माझा विरोध त्याला पहिली पायरी मानण्याला आहे. तो शेवटची पायरी आहे, आणि आजच्या बहुतेक नव्या गाड्यांना तर ती पायरीच लागू नाही.

आधी हा डबा नेमकं करतो काय ते पाहू, कारण गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. एक्झॉस्टच्या वायूंवर टर्बाइन फिरतं, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात ढकलतो. हे असंच चालू राहिलं तर दाब वाढत वाढत इंजिन फोडेल, म्हणून वेस्टगेट नावाची झडप काही वायू टर्बाइनला टाळून बाहेर सोडते. ती झडप उघडतो अ‍ॅक्च्युएटर. त्याच्या पोटात एक स्प्रिंग आणि एक पडदा. कॉम्प्रेसरकडून आलेल्या बारीक होजमधला दाब पडद्यावर पडतो, तो स्प्रिंगला भारी पडला की दांडा सरकतो आणि झडप उघडते. स्प्रिंग 0.5 बारची असेल तर साधारण तेवढ्यावर बूस्ट थांबतो. कंट्रोलरचा सोलेनॉइड या होजच्या मध्ये बसतो आणि सेकंदाला वीस-तीस वेळा उघडबंद होऊन अ‍ॅक्च्युएटरकडे जाणाऱ्या दाबातला काही हिस्सा बाहेर सोडतो. अ‍ॅक्च्युएटरला खरा दाब कळतच नाही. त्यामुळे झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो.

या सगळ्यात डब्याने नवीन काय निर्माण केलं? काहीच नाही. एका झडपेपर्यंत पोचणारी खबर त्याने अडवली, एवढंच. वाढलेल्या हवेला लागणारं जास्तीचं पेट्रोल, बदललेलं इग्निशन टायमिंग, वाढलेली उष्णता काढून टाकणारा इंटरकूलर, यांतलं काहीही तो आणून देत नाही. ताकद येते ती हवा आणि इंधन योग्य प्रमाणात, योग्य क्षणी जळल्याने. नुसती हवा वाढवली तर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन ठोकायला लागतं.

इलेक्ट्रॉनिक बूस्ट नियंत्रणाचा जन्म कशासाठी झाला हे पाहिलं तर आजचा प्रचार किती उलट्या दिशेने चाललाय ते कळतं. स्वीडनच्या साब कंपनीने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या टर्बो गाड्यांत एपीसी नावाची प्रणाली आणली. पेर गिलब्रांड हे त्यामागचे अभियंते. इंजिनाच्या ब्लॉकवर त्यांनी नॉक सेन्सर बसवला, म्हणजे इंजिन ठोकायला लागलं की ते ऐकणारा कान. ठोकण्याची चाहूल लागली की सोलेनॉइड वेस्टगेट लवकर उघडू द्यायचा आणि बूस्ट उतरायचा. पेट्रोल हलकं असलं, हवा तापलेली असली तरी इंजिन वाचायचं, आणि ही खात्री होती म्हणूनच कॉम्प्रेशन रेशो वाढवून इंधनाची बचत साधता आली. म्हणजे मुळात हे तंत्र इंजिनाचं ऐकून बूस्ट उतरवण्यासाठी आलं. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सुट्या कंट्रोलरला तो कान नसतो. त्यांना एकच गोष्ट कळते, दाब. नॉकिंग, हवेचं तापमान, इंधनाचं प्रमाण यांचा त्यांना पत्ताच नसतो. ज्याला एवढंच कळतं त्याच्या हाती इंजिनाची सुरक्षा सोपवा, असं सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

बूस्टचं बटण फिरवलं की ताकद, ही कल्पना आली फॉर्म्युला वनच्या टर्बो काळातून. तेव्हा पात्रता फेरीत बूस्ट चढवून गाड्या पळवत आणि ती इंजिनं मोजक्या फेऱ्यांपुरतीच असत. हे सगळ्यांना आठवतं. त्याच काळाचा शेवट मात्र कुणी सांगत नाही. नियम करणाऱ्यांनी 1987 साली बूस्टवर 4 बारची मर्यादा घातली, 1988 साली ती 2.5 बारवर आणली आणि शर्यतीसाठी टर्बो गाड्यांना 150 लिटरच पेट्रोल दिलं. त्या वर्षी मॅक्लारेन-होंडाने 16 पैकी 15 शर्यती जिंकल्या. प्रतिस्पर्धी टर्बो गाड्यांनाही तोच 2.5 बार मिळत होता. फरक पडला त्यात त्या दाबातून काय काढलं याचाही वाटा होता : ज्वलन, इंधनाचं गणित, तापमानावरचा ताबा. बूस्टचा आकडा म्हणजे ताकद, हे म्हणणाऱ्यांनी 1988 चा निकाल एकदा समोर ठेवून बोलावं.

आता त्यांचा सगळ्यात जोरकस मुद्दा. कंपनी ताकद राखून ठेवते. या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. जपानी कंपन्यांमध्ये एकेकाळी अलिखित समजूत होती की रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीची ताकद 280 पीएसच्या वर जाहीर करायची नाही. ती 2004 पर्यंत टिकली. 1989 साली आलेली निस्सानची स्कायलाइन जीटी-आर त्या आकड्यावर अडवलेली होती. तिच्या बूस्ट सोलेनॉइडच्या होजमध्ये एक बारीक छिद्राची गुटी बसवलेली असे. ती काढून टाकली की बूस्ट चढायचा, कुठलाही डबा न लावता. कंट्रोलरची सगळी दंतकथा अशा गाड्यांवर उभी राहिली आणि तिथे ती बऱ्याच अंशी खरीही होती.

पण त्याच गाडीच्या टर्बोची टर्बाइन चाकं सिरॅमिकची होती. हलकी, म्हणून झटकन फिरणारी आणि लॅग कमी करणारी. बूस्ट 1 बारच्या आसपास आणि वर नेला की ती दांड्यावरून सुटण्याचा धोका असायचा, आणि सिरॅमिकचे तुकडे कुठे जातील याचा नेम नाही. स्पर्धेसाठी काढलेल्या एन-1 आवृत्तीत निस्सानने स्वतः धातूची चाकं घातली. कंपनीने राखून ठेवलेली जागा होती, पण ती कुठे संपते हे ठरवणारा भाग टर्बोच्या आत बसला होता, बाहेरून न दिसणारा. डब्याच्या पडद्यावर तो आकडा लिहिलेला नसतो. जीटी-आर जाणणारे लोक म्हणूनच आधी टर्बो बदलत, मग इंधन, मग इसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक, आणि त्यानंतर कंट्रोलरला हात घालत. दंतकथेत हा क्रम गळून गेला.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याजवळच्या रांजणगावचं. तिथे तयार झालेल्या फियाट लिनिया टी-जेटचं 1.4 लिटरचं टर्बो इंजिन 114 पीएस द्यायचं, आणि 2015 साली आलेल्या अबार्थ पुंतोत 1.4 लिटरचं टी-जेट इंजिन 145 पीएसला गेलं. हे पाहून लिनियाचे मालक म्हणू लागले, बघा, 31 पीएस आत पडून होते. तो आकडा एका सोलेनॉइडने काढलेला नव्हता. बूस्ट, इंधन आणि इग्निशन यांचं गणित कंपनीने एकत्र बसून नव्याने मांडलं तेव्हा तो आला. त्यातलं एकच कलम उचलून बाकीची दोन सोडून द्यायची आणि फळ मात्र पूर्ण अपेक्षायचं, याला हिशेब म्हणत नाहीत.

आणि ही राखीव जागा कुणासाठी ठेवलेली असते? आपल्यासारख्यांसाठीच. थोडं गणित करू. 35 अंश तापमानाची हवा 0.7 बार बूस्टपर्यंत दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर ती सुमारे 107 अंशांवर बाहेर पडते. 1 बारपर्यंत दाबली तर सुमारे 131 अंश. मे महिन्यात विदर्भात बाहेरच 45 अंश असतात, तेव्हा हाच आकडा 145 च्या आसपास जातो. इंटरकूलर त्यातलं बरंच उतरवतो, पण ट्रॅफिकमध्ये रेंगाळलेल्या गाडीचा इंटरकूलर स्वतःच तापलेला असतो. युरोपातल्या थंड हवेत सुरक्षित ठरलेला बूस्टचा आकडा चंद्रपूरच्या दुपारी सुरक्षित असेलच असं नाही. फलाण्या देशात याच गाडीवर एवढा बूस्ट चालतो, हा दाखला मला म्हणूनच मान्य नाही.

पेट्रोलचंही तसंच. आता आपल्या पंपांवर 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल येतं. इथेनॉलमुळे नॉकिंगला विरोध वाढतो हे खरं, पण तेवढीच हवा नीट जाळायला हे मिश्रण साध्या पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त लागतं. जुन्या, आयात केलेल्या टर्बो गाडीचा इसीयू पूर्ण थ्रॉटलवर ऑक्सिजन सेन्सरकडे पाहत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन सोडतो. म्हणजे काहीही न करता ती गाडी आधीच थोडी पातळ चालते आहे. तिच्यावर बूस्ट वाढवला की इंजेक्टर आणि फ्युएल पंप दोन्ही कमी पडायला लागतात. कंट्रोलरचा पडदा तेव्हाही शांतपणे 1.0 दाखवत असतो.

मग उंची. दरवर्षी उन्हाळ्यात महाराष्ट्रातून कितीतरी गाड्या लडाखला जातात. समुद्रसपाटीला 1 बार बूस्ट म्हणजे टर्बोने हवा दुप्पट दाबली. खारदुंग लाच्या सुमारे 5,360 मीटर उंचीवर बाहेरचा दाबच साधारण 0.52 बार असतो. तिथे गेजवर तोच 1 बार दिसायचा असेल तर टर्बोला हवा जवळजवळ तिप्पट दाबावी लागते. तुमचा कंट्रोलर निरपेक्ष दाब धरून 2 बारचं लक्ष्य ठेवणारा असेल तर पावणेचार पटींहून जास्त. टर्बोचा वेग त्या प्रमाणात भलताच चढतो. कंपनीचा इसीयू वातावरणाचा दाब वाचतो आणि टर्बो जपण्यासाठी स्वतःहून लक्ष्य खाली आणतो. सुटा डबा हे करत नाही, कारण त्याला कुणी तसं सांगितलेलं नसतं. महाबळेश्वरला 1,370 मीटरवर हा फरक लहान असतो, पण असतोच.

यावर उत्तर मिळतं, 'आम्ही कितीतरी गाड्यांना लावलाय, काही झालं नाही.' हे उत्तर देणारे खोटं बोलत नाहीत. पण नॉकिंगने होणारं नुकसान एका फेरीत दिसत नाही. पिस्टनच्या रिंगांमधला कडेचा भाग हळूहळू खचतो, हेड गॅस्केट दमतं, टर्बोच्या बेअरिंगमध्ये खेळ वाढतो. सहा महिन्यांनी गाडी ऑइल प्यायला लागते आणि तेव्हा दोष ऑइलच्या ब्रँडला जातो, ड्रायव्हिंगला जातो, नशिबाला जातो. डब्याकडे कुणी बोट दाखवत नाही. लावल्यापासून वर्षभरात इंजिनाचं कॉम्प्रेशन पुन्हा मोजून ते आधीच्या आकड्यांशी ताडून पाहिलं, असं सांगणारा गॅरेजवाला भेटला तर त्याचं मत मी आदराने ऐकेन.

नव्या गाड्यांच्या बाबतीत तर वादाला फारशी जागाच उरलेली नाही. गेल्या वीसेक वर्षांत पेट्रोल इंजिनांचे इसीयू टॉर्कच्या भाषेत विचार करू लागले. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबलात की इसीयू ठरवतो किती टॉर्क हवा, त्यासाठी किती हवा, त्यासाठी किती बूस्ट, आणि मग वेस्टगेटला हुकूम देतो. मोजलेला दाब अपेक्षेपेक्षा जास्त आला तर तो थ्रॉटल मिटवतो, पी0234 हा ओव्हरबूस्टचा कोड नोंदवतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये टाकतो, म्हणजे तिची ताकद मुद्दाम कमी करतो. अशा गाडीवर सुटा कंट्रोलर लावणं म्हणजे एका स्टिअरिंगवर दोन ड्रायव्हर बसवणं. त्यात टीएसआयसारख्या अनेक नव्या इंजिनांमध्ये वेस्टगेट विजेच्या मोटरने हलतं. तिथे दाबाची होजच नाही, मग सोलेनॉइड जोडणार कशात? अशा गाडीत उत्तम बूस्ट कंट्रोलर आधीच बसवलेला आहे, तो म्हणजे तिचा इसीयू. बदल करायचाच असेल तर जाणत्या माणसाकडून त्याचंच कॅलिब्रेशन करून घ्यावं. वॉरंटी आणि विमा यांचा प्रश्न उरतोच, तो ज्याने त्याने आपल्या कागदपत्रांत पाहावा.

'सेल्फ लर्निंग' हा शब्दही असाच भुरळ घालतो. डबा स्वतः शिकतो, म्हणजे सेटिंगची गरज नाही, असं सांगितलं जातं. तो शिकतो हे खरं. पण तो आहे त्या परिस्थितीला शिकतो. इंटरकूलरच्या पाइपची क्लिप ढिली असेल, हवा गळत असेल, तर कमी पडणारा बूस्ट भरून काढायला तो सोलेनॉइडचं प्रमाण वाढवतो, टर्बो जास्त वेगाने फिरतो, आणि गळती झाकली जाते. आजारी गाडीला निरोगी भासवायला तो शिकलेला असतो. सुरक्षेच्या कटऑफचंही तसंच. मर्यादा ओलांडली की बहुतेक कंट्रोलर सोलेनॉइड बंद करतात, म्हणजे बूस्ट स्प्रिंगच्या आकड्यावर यायला हवा. पण अ‍ॅक्च्युएटरची होजच निसटली असेल तर सोलेनॉइड बंद असो की चालू, वेस्टगेट उघडणारच नाही. चार मिलिमीटरची ती रबरी नळी उष्णतेने कडक होते, टोकाशी तडकते आणि एका चढावर सुटून जाते. महागातला महाग डबाही तेव्हा हतबल असतो. इंधन तोडणारी खरी सुरक्षा इसीयूकडेच असावी लागते.

दुसऱ्या टोकालाही काही लोक आहेत. ते म्हणतात, इलेक्ट्रॉनिकचा नादच नको, गोळी आणि स्प्रिंगचा हाताने फिरवायचा साधा व्हॉल्व्ह लावा. एकाच आकड्यावर बूस्ट ठेवायचा असेल आणि इंधनाचं गणित त्या आकड्याला जुळवून घेतलेलं असेल तर तो व्हॉल्व्ह चांगलं काम करतो, हे मी मान्य करतो. पण तो गिअरप्रमाणे बूस्ट बदलू शकत नाही, वरच्या आरपीएमला दमणाऱ्या छोट्या टर्बोसाठी लक्ष्य उतरवू शकत नाही, पावसात चाकं घसरताना कमी बूस्टवर जाऊ शकत नाही. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरचं खरं मोल इथे आहे. बूस्ट लवकर येणं, ठरल्या जागी थांबणं, आणि प्रत्येक वेळी तसाच येणं. शिखरावरचा आकडा त्याने वाढो न वाढो, मधल्या आरपीएममधली गाडीची ओढ त्याने सुधारते, आणि रोज चालवताना तीच जाणवते.

म्हणून निवडीचा पहिला प्रश्न ब्रँडचा नसतो. एचकेएस, ग्रेडी, टर्बोस्मार्ट, एईएम ही सगळी नावं आपापल्या जागी चांगली आहेत. पहिला प्रश्न स्प्रिंगचा. कंट्रोलर बूस्ट स्प्रिंगच्या खाली कधीच आणू शकत नाही, आणि स्प्रिंगच्या दुप्पटीपुढे नेला तर ताबा सैल होतो. 1 बार हवा असेल तर 0.5 ते 0.7 बारची स्प्रिंग योग्य. दुसरा प्रश्न, गाडीत हल्टेक किंवा लिंकसारखा स्वतंत्र इसीयू आहे का. असेल तर वेगळा डबा घेऊ नका. चांगला तीन-पोर्टचा सोलेनॉइड घ्या आणि तो इसीयूलाच चालवू द्या, कारण त्याला नॉकिंग, तापमान, इंधन सगळं दिसतं. तसा इसीयू नसेल आणि सुटा डबा घ्यायचाच असेल, तर त्यात दाबाचा स्वतःचा सेन्सर, तीन-पोर्टचा सोलेनॉइड, आरपीएम किंवा गिअरप्रमाणे लक्ष्य बदलायची सोय आणि बाहेरच्या सिग्नलवर बूस्ट उतरवण्याची तार, एवढं असावं. नुसती हवा बाहेर सोडणारे दोन-पोर्टचे जुने सोलेनॉइड सुस्त असतात. पडद्याचे रंग आणि शिखर लक्षात ठेवणारी सुई यांच्यासाठी पैसे मोजू नका.

आता बसवणं, जिथे बहुतेक गाड्या बिघडतात. सोलेनॉइड अ‍ॅक्च्युएटरच्या जवळ बसवा, पण मॅनिफोल्डच्या उष्णतेपासून दूर. होज जितकी आखूड तितका प्रतिसाद चपळ. अ‍ॅक्च्युएटरला लागणारा दाब टर्बोच्या कॉम्प्रेसर हाउसिंगवरून घ्या. कंट्रोलरच्या सेन्सरचा दाब मात्र इनटेक मॅनिफोल्डवरून, कारण इंजिनाला प्रत्यक्षात काय मिळतंय ते तिथेच कळतं. प्रत्येक जोडावर क्लिप लावा. पोर्टचे क्रमांक उत्पादकाच्या कागदावरून पाहा, अंदाजाने जोडू नका. उलटा जोडला तर वीज गेल्यावर वेस्टगेट बंदच राहील.

सुरू करण्याआधी इनटेकमध्ये थोडा दाब भरून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहा. मग सोलेनॉइड पूर्ण बंद ठेवून चौथ्या गिअरमध्ये, शक्यतो डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरवर), 2,500 आरपीएमपासून रेडलाइनपर्यंत पूर्ण थ्रॉटलची एक फेरी घ्या. बूस्ट स्प्रिंगच्या आकड्यावर येऊन थांबला पाहिजे. थांबण्याऐवजी आरपीएमबरोबर हळूहळू चढत राहिला तर वेस्टगेटची वाटच अरुंद आहे. त्याला क्रीप म्हणतात आणि जगातला कोणताही कंट्रोलर तो बरा करू शकत नाही. तिथेच थांबा, आधी वेस्टगेट सुधारा. ही पहिली फेरी न घेणारा ट्यूनर पुढे जे काही करेल त्याला आधार नसतो.

ही फेरी नीट आली की क्लोज्ड लूप, म्हणजे मोजलेला दाब पाहून कंट्रोलर आपणहून करतो ती दुरुस्ती, बंद ठेवून सोलेनॉइडचं प्रमाण पाच-पाच टक्क्यांनी वाढवत न्या. प्रत्येक पायरीला वाइडबँड सेन्सरवर हवा-इंधनाचं प्रमाण पाहा. साध्या पेट्रोलच्या मापावर पूर्ण बूस्टमध्ये ते 11.5 ते 12 च्या आसपास हवं. 12.5 च्या वर सरकायला लागलं तर बूस्ट वाढवणं बंद करा आणि इंधनाकडे वळा. हवा तो बूस्ट देणारं प्रमाण सापडलं की तेच पाया म्हणून ठेवा आणि मग क्लोज्ड लूप सुरू करा. गेन, म्हणजे त्या दुरुस्तीचा जोर, एकदम वाढवला तर लक्ष्य 1.0 असताना सुई 1.25 ला उडी मारते, 0.9 ला पडते, पुन्हा चढते. गाडीत बसलेल्याला ते झटक्यांसारखं जाणवतं. गेन कमी करत करत ही डोलणी थांबवावी. वेस्टगेट कधीपर्यंत मिटून ठेवायचं ते सेटिंग सगळ्यात शेवटी. बूस्ट लवकर यावा या हट्टाने ते लक्ष्याच्या अगदी जवळ नेलं की उडी ठरलेलीच. वरच्या गिअरमध्ये टर्बोला भरायला जास्त वेळ मिळतो म्हणून तिसऱ्यात गुळगुळीत दिसणारं सेटिंग पाचव्यात उडी मारू शकतं. दोन्हीत तपासा.

हे सगळं व्हायला एक पूर्ण दिवस आणि कधी त्याहून जास्त लागतो. अर्ध्या तासात लावून देणाऱ्याकडे गाडी देऊ नका. काम संपलं की त्याच्याकडून एक चाचणी समोर करून घ्या : सोलेनॉइडचा विजेचा प्लग काढून टाका आणि डायनोवर एक फेरी घ्यायला लावा. बूस्ट स्प्रिंगच्या आकड्यावर येऊन थांबला तर जोडणी बरोबर आहे. तो चढत गेला, किंवा ट्यूनर ही फेरी घ्यायलाच तयार झाला नाही, तर पैसे देण्याआधी कंट्रोलर काढायला लावा आणि मूळ होज जागेवर बसवून गाडी घरी न्या.